तिच्या वाट्याचे पस्तीस दिवस

लग्नकार्यात कुणी विचारलं, ‘तुम्ही कशाच्या डॉक्टर?’ की मला जरा थांबावंच लागतं. ‘रेडिएशन ऑन्कॉलॉजिस्ट’ म्हटलं, तर समोरची बाई नुसती हसते आणि विषय बदलते. ‘डोकं आणि मानेच्या कर्करोगावर किरणोपचार करते’ असं मराठीत सांगितलं, तर हमखास पुढचा प्रश्न येतो, ‘मग आमच्या सासूबाईंची मान बघाल का हो? फार धरते.’ शेवटी माझ्या पेशंटनीच मला शिकवलेलं उत्तर मी देते, ‘शेक देणारी डॉक्टर.’ मग मात्र लगेच कळतं. चेहराही उतरतो. कारण शेक घेतलेलं कुणी ना कुणी प्रत्येकीच्या नात्यात नाही तर शेजारात असतंच.

डोकं आणि मान म्हणजे मेंदू नव्हे, बरं का! ओठ, जीभ, गालाची आतली बाजू, हिरड्या, टाळू, घसा, स्वरयंत्र हा सगळा माझा मुलूख. घास चावायला, गिळायला, बोलायला, हसायला, मुलाचा पापा घ्यायला जे जे लागतं, ते सगळं या वीतभर जागेत असतं. २०२२ सालच्या आंतरराष्ट्रीय अंदाजानुसार आपल्या देशात वर्षभरात ओठ आणि तोंडाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ४३ हजार नवे रुग्ण निघाले. पुरुषांच्या कर्करोगांत याचा नंबर पहिला. कारण तुम्हाला ठाऊक आहेच. तंबाखू, गुटखा, मावा, खर्रा, सुपारी. आणि आपल्या बायकांची मशेरी! तव्यावर काळी होईस्तोवर भाजलेली तंबाखू दिवसातून चार-चार वेळा दातांना लावायची आणि वर म्हणायचं, ‘मी तंबाखू खात नाही हो बाई, नुसते दात घासते.’

या कामात मला पंचवीस वर्षं होऊन गेली. एमबीबीएसनंतर तीन वर्षांची एमडी आणि त्यातही पुढे फक्त तोंड-घशाचेच रुग्ण. ही शाखा घेतली तेव्हा घरात कुजबुज झाली होती. ‘सारखी किरणांत राहणार, हिला मुलंबाळं होतील का?’ एका स्थळानं तर तेवढ्यावरून नकार कळवला. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं, की यंत्राची खोली जाडजूड भिंतींची असते, किरण सुरू असताना आत रुग्णाखेरीज कुणी थांबत नाही, आम्ही बाहेरून पडद्यावर बघतो आणि छातीला लावलेला बिल्ला आमच्या अंगावर किती किरण पडले याचा हिशेब ठेवतो. आज माझी मुलगी कॉलेजात आहे.

या शाखेत मोठं काम केलेल्या बाईचं नाव घ्यायचं तर डॉ. केतायून दिनशॉ यांचं घ्यावं लागेल. त्या किरणोपचारतज्ज्ञ. टाटा मेमोरियल सेंटरच्या संचालकपदापर्यंत पोचल्या, २००१ साली पद्मश्री मिळाली. २०११ मध्ये त्या गेल्या. शिकणाऱ्या आम्हा मुलींना त्यांच्याकडे बघून वाटायचं, हे बायकांचंही क्षेत्र आहे.

माझ्या डोळ्यांदेखत यंत्रं किती बदलली! मी शिकले कोबाल्टच्या यंत्रावर. त्यातला कोबाल्ट दर सव्वापाच वर्षांनी अर्ध्यावर येतो. त्यामुळे यंत्र जुनं होईल तसा रुग्णाला तेवढाच डोस द्यायला जास्त वेळ झोपवावं लागायचं. पुढे भाभा अणुसंशोधन केंद्रानं आपलं देशी यंत्र बनवलं, ‘भाभाट्रॉन’. त्यातलं पहिलं २००५ साली खारघरला बसलं. आता विजेवर चालणारे लिनिअर अॅक्सिलरेटर आले. त्यांच्या किरणांना गाठीच्या आकाराप्रमाणे वळण देता येतं. कानापुढच्या लाळेच्या ग्रंथी वाचवता येतात, म्हणजे जन्मभर पाण्याची बाटली घेऊन हिंडण्याची वेळ कमी जणांवर येते.

सगळं बदललं, पण एक गोष्ट बदललेली नाही. ती म्हणजे कॅलेंडर! ऑपरेशननंतर शेक द्यायचा तर साधारण ३० दिवस, आणि सगळी भिस्त किरणांवरच असेल तर ३३ ते ३५ दिवस. आठवड्यातून पाच दिवस, शनिवार-रविवार सुट्टी, म्हणजे सहा ते सात आठवडे. यंत्र कितीही भारीतलं असो, हे दिवस ओळीनं पुरे झाले तरच त्याचा उपयोग. आणि माझं आजचं सगळं म्हणणं या दिवसांबद्दलच आहे. माझ्या अनुभवात पुरुषाचे हे दिवस घर पुरे करून घेतं. बाईचे मात्र घरच मोडतं.

ओळीनंच का, ते आधी सांगते. किरणांनी कर्करोगाच्या पेशी मरतात, तशा आजूबाजूच्या चांगल्या पेशींनाही इजा होते. रोज थोडा थोडा डोस दिला तर चांगल्या पेशी मधल्या वेळात स्वतःची डागडुजी करून घेतात. कर्करोगाच्या पेशींना ते तितकंसं जमत नाही. म्हणून एकदम न देता तुकड्यातुकड्यानं द्यायचं. पण साधारण चौथ्या आठवड्यापासून उरलेल्या रोगट पेशीही चवताळतात, झपाट्यानं वाढू लागतात. शेतात निम्मं तण उपटून ठेवलं आणि पाऊस पडला की उरलेलं कसं फोफावतं, तसं. म्हणून मध्ये खंड पडला की बरं होण्याची शक्यता दर दिवसामागे एक टक्का किंवा थोडी जास्तच घटते, असं जगभरचे अभ्यास सांगतात. दहा दिवस घरी राहिलं तर काय होतं, याचा हिशेब तुम्हीच करा.

आणि दैवाची चेष्टा अशी, की नेमक्या याच चौथ्या-पाचव्या आठवड्यात माणसाचा धीर सुटतो. पहिले दोन आठवडे काहीच जाणवत नाही. किरण दिसत नाहीत, टोचत नाहीत, भाजतही नाहीत. मग तोंड येतं. साधं नव्हे, आख्खं तोंड सोलवटल्यासारखं! पाणी गिळलं तरी डोळ्यांत पाणी येतं. चव जाते, लाळ चिकट होते, मानेची कातडी काळवंडते. त्यातच गाठ दिसेनाशी झालेली असते. मग घरात बोलणं सुरू होतं, ‘गाठ तर गेली, आता उगाच कशाला जाळून घ्यायचं?’ अर्धा शेक झाल्यावर गाठ दिसत नाही, याचा अर्थ रोग संपला असा नसतो. तो डोळ्यांना दिसत नाही, एवढंच.

माझ्या ओपीडीबाहेर एक लांब बाकडं आहे. पंचवीस वर्षांत मी माणसांची पारख या बाकड्यावरच केली. पुरुष रुग्ण असला, की शेजारी बायको असते. रोज. डबा तिच्याकडे, फाइल तिच्याकडे, नाकात नळी असेल तर नळीतून पातळ जेवण सोडायचं कामही तिच्याकडे. मजुरी बुडवून ती सात आठवडे धर्मशाळेत राहते. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा असो की कुठल्याशा ओळखीच्याची गॅलरी, ती कुरकुरत नाही. नवरा म्हणाला, ‘बास झालं, घरी जाऊ’, तर तीच डोळे वटारते, ‘अजून अकरा राहिलेत, गप झोपा.’

बाई रुग्ण असली की पहिला आठवडा नवरा येतो. दुसरा आठवडा मुलगा. तिसऱ्यात भाऊ एखाद दिवस डोकावतो. चौथ्यात ती एकटी बसलेली असते, पदरानं तोंड झाकून. आणि पाचव्यात बाकडं रिकामं. माझ्याकडे आकडेवारी नाही, ही माझी डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट आहे. पण ज्या बाकड्यावर मी हजारो माणसं बघितली, ते खोटं बोलत नाही.

एक मावशी होत्या, पन्नाशीच्या. मशेरीची वीस-पंचवीस वर्षांची सवय, गालाच्या आतला कर्करोग, ऑपरेशन छान झालेलं. तीस शेकांपैकी एकोणीस झाले होते. म्हणाल्या, ‘बाई, पुतण्याचं लगीन हाय. म्या नसले तर हळद कोण करंल? चार दिवसांत येते.’ मी परोपरीनं सांगितलं. मुलाला फोन केला. तो म्हणाला, ‘मॅडम, घरात दुसरं बाईमाणूस नाही.’ चार दिवसांचे चोवीस झाले. आल्या तेव्हा मानेत नवी गाठ होती. पुढचं लिहीत नाही. त्या लग्नात त्यांनी दोनशे माणसांचं केलं, आणि त्यांचं स्वतःचं तोंड असं होतं की त्यांना त्यातला एक घासही गिळता आला नसेल.

यात कुणी दुष्ट नव्हतं हो! ना मुलगा, ना नवरा. हेच तर मला जास्त बोचतं. ‘घरात दुसरं बाईमाणूस नाही’ हे वाक्य त्यांना इतकं सरळ वाटलं, की त्याची किंमत काय, हे कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही. त्यांच्याही नाही. कारण आपल्यालाही तसंच शिकवलेलं. आजारी असलो तरी फोडणी आपणच द्यायची. तोंडात जखमा असताना मिरचीच्या फोडणीचा ठसका काय असतो, हे माझ्या बायका मला सांगतात. त्या जेवत नसतात, पण दोन वेळचा स्वयंपाक करून शेकाला येतात!

दुसरी गोष्टही सांगते, नाही तर तुम्हाला वाटेल ही बाई नुसती रडगाणं गाते. जिभेचा कर्करोग झालेली एक चाळिशीची बाई होती, नवरा नसलेली, पदरात दोन लेकी. तिच्या बचत गटातल्या बायकांनी वहीत चक्क पाळ्या लावल्या. एकेका आठवड्याला एकजण तिच्यासोबत, आणि गावातल्या दोघी तिच्या लेकींच्या डब्याला. सोबतीण बदलली की वही तिच्या हाती जायची. वजन किती, गुळण्या किती वेळा केल्या, किती दिवस उरले, सगळं त्या वहीत. एकही दिवस चुकला नाही. तिला आठ वर्षं झाली. बोलणं थोडं बोबडं आहे, पण गटाच्या बैठकीत तिचाच आवाज मोठा असतो म्हणे!

औषध दोघींना सारखंच मिळालं. फरक पडला तो माणसांनी.

आता बाईच्या शेकात आणखी काही गाठी असतात, त्याही सोडवून टाकू. उपचाराआधी गरम पाण्यात मऊ केलेली प्लास्टिकची जाळी चेहऱ्यावर, मानेवर बसवून मास्क करतात. पुढे रोज तोच मास्क लावून झोपायचं, म्हणजे मान हलत नाही. त्या वेळी कानातलं, नथ आणि मंगळसूत्र काढावं लागतं. आणि मानेची कातडी हुळहुळी होते म्हणून सात आठवडे मंगळसूत्र गळ्यात न घातलेलंच बरं. किती जणी इथेच अडतात! ‘सासूबाईंना विचारून येते’ म्हणून गेलेली एकजण आठवड्यानं आली. अहो सासूबाई, तुम्हीच तिच्या हाताला धरून सांगा ना, ‘मनगटाला बांध, नाही तर देव्हाऱ्यात ठेव, पण शेकाला जा.’ तुमच्या एका वाक्यानं जे होईल, ते माझ्या दहा व्याख्यानांनी होणार नाही.

दुसरी भीती, ‘नातवाला जवळ घेऊ का?’ जरूर घ्या. यंत्रातून शेक घेतलेल्या बाईच्या अंगात किरण राहत नाहीत. कर्करोग उष्ट्यानं, शिवण्यानं पसरत नाही. तिचं ताट-वाटी वेगळी काढण्याचं कारण नाही. वेगळं काढायचंच असेल तर तिचं जेवण काढा. बिनतिखटाचं, मऊ, पौष्टिक. भाताची पेज, गाळलेलं वरण, नाचणीचं सत्त्व, चालत असेल तर अंडं. मानेला हळद, तेल, गावठी लेप काही लावू नका. पदर सुती असू द्या. मीठ-सोड्याच्या गुळण्या दिवसातून निदान पाच-सहा वेळा. शेक सुरू व्हायच्या आधी दातांच्या डॉक्टरांना दाखवून किडलेले दात काढून घ्या. शेक झाल्यावर मात्र आम्हाला विचारल्याशिवाय कधीही, अगदी दहा वर्षांनीसुद्धा, दात उपटून घेऊ नका. जबड्याचं हाड बरं होत नाही.

कुणी म्हणेल, डॉक्टरीणबाई, सगळं खापर घरावर फोडता, पण यंत्र आमच्या गावात कुठं आहे? अगदी बरोबर. सात आठवडे परगावी राहायचं म्हणजे मजुरी बुडते, गुरंढोरं असतात, पोरांची शाळा असते. किरणोपचाराची सोय जिल्ह्याजिल्ह्यात झाली पाहिजे, ही मागणी आपण केलीच पाहिजे. बार्शीसारख्या तालुक्याच्या गावी कर्करोगाचं रुग्णालय उभं राहू शकतं, तर इतर ठिकाणी का नाही? पण तोवर जे आहे ते वापरू या. राज्याच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत किरणोपचार बसतात. पहिल्याच दिवशी रेशन कार्ड, आधार घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा. रेल्वेत कर्करोगाच्या रुग्णाला आणि सोबतच्या माणसाला भाड्यात सवलत असते. एसटीत तर २०२३ पासून बाईला तिकीट अर्धंच आहे. आणि नाइलाजानं दिवस चुकलाच, तर लपून बसू नका, फोन करा. शनिवारी बोलावून किंवा एकाच दिवशी सहा तासांच्या अंतरानं दोनदा शेक देऊन आम्ही तो दिवस भरून काढू शकतो. रागवायचं असेल तर नंतर रागवू.

सरकारनं गुटख्यावर २०१२ साली बंदी घातली. त्याआधी २००२ मध्येही घातली होती, ती २००४ मध्ये कोर्टात टिकली नाही. पण मशेरीला कोण बंदी घालणार? ती आपल्याच चुलीवर भाजली जाते आणि लेकीच्या हाती आपणच देतो. गरोदरपणात मळमळतं म्हणून लावणाऱ्याही आहेत. तेव्हा ती बंदी आपल्यालाच घालावी लागेल.

आणि रोग लवकर सापडला तर पस्तीस दिवसांची ही लढाईही सोपी होते. स्वरयंत्राच्या तारेवरचा अगदी सुरुवातीचा कर्करोग नुसत्या किरणांनी दहांतल्या जवळजवळ नऊ जणांचा बरा होतो, आवाजही राहतो. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात मोठा अभ्यास झाला. डॉक्टर नव्हे, शिकवून तयार केलेल्या कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन उजेडात लोकांची तोंडं तपासली. २००५ साली निष्कर्ष छापून आले. तंबाखू किंवा दारूची सवय असलेल्यांमध्ये तोंडाच्या कर्करोगानं होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशानं कमी झाले होते. केवढं साधं काम! तुम्हीही मोबाइलच्या उजेडात महिन्यातून एकदा आरशासमोर उभ्या राहा. गालात पांढरा किंवा लाल चट्टा, तीन आठवड्यांत न भरणारी जखम, उभी तीन बोटं तोंडात न जाणं, बसलेला आवाज, मानेत गाठ... यातलं काहीही दिसलं तर डॉक्टर गाठा. ‘उष्णता झाली असेल’ म्हणून महिना घालवू नका.

ज्यांच्या लेकी विज्ञान शाखेला आहेत त्यांनाही एक सांगते. डॉक्टरच व्हायला हवं असं नाही. यंत्र चालवणारे तंत्रज्ञ, डोसाचं गणित मांडणारे भौतिकशास्त्रज्ञ, गिळायला-बोलायला पुन्हा शिकवणारे थेरपिस्ट, आहारतज्ज्ञ अशी सगळ्यांची आम्हाला गरज असते. त्यांत मुली जास्त हव्यात, असं माझं स्पष्ट मत आहे. कारण बाई रुग्ण डॉक्टरला ‘बरं आहे’ म्हणते, आणि मास्क लावणाऱ्या मुलीच्या कानात सांगते, ‘उद्यापासून येणार नाही गं, घरी पाहुणे आहेत.’ ते वेळेत कळलं, तर तिला थांबवता येतं.

मैत्रिणींनो, मी तुमच्याकडे वर्गणी मागत नाही, मोर्चाही मागत नाही. तुमच्या घरातल्या, गल्लीतल्या कुणा बाईला शेक सांगितला असेल, तर ‘कशी आहेस?’ एवढंच विचारून परत येऊ नका. ‘कितवा दिवस?’ असं विचारा. कॅलेंडर काढा, पस्तीस चौकटींवर खुणा करा आणि खाली नावं लिहा. सोबत कोण जाणार, चूल कोण बघणार, पोरांना शाळेत कोण सोडणार. त्यात घरच्या पुरुषांचीही नावं घाला, त्यांना वरण-भात नक्की जमतो! आणि ती बाई तुम्हीच असाल, तर लग्न, वास्तुशांत, पेरणी, पाहुणे या सगळ्यांना एकच उत्तर द्या, ‘माझे अजून इतके राहिलेत.’

आयुष्यभर घराला दिलेल्या दिवसांचा हिशेब आपण कुणी ठेवत नाही. हे पस्तीस तेवढे मोजून घ्या.